पडवीतली जुनी ओम्नी ड्रिफ्टसाठी बांधावी का? (बजेट १ लाख, मुक्काम रत्नागिरी)

सडेकर:
वडिलांची २००५ ची ओम्नी पडवीत उभी आहे. काही वर्षं तिने आंब्याच्या पेट्या वाहिल्या, मग घरात पिकअप आली. आता मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालते. भंगारवाला येतो आणि किलोवर भाव सांगतो. मला ती ड्रिफ्टसाठी बांधायची आहे, आणि माझ्या मते हा वेडेपणा नाही.

ड्रिफ्ट म्हणजे मागची चाकं मुद्दाम सोडायची, स्टीअरिंग उलट धरायचं आणि अ‍ॅक्सिलरेटरवर ती घसरण वळणभर टिकवायची. त्यासाठी ताकद मागच्या चाकांना हवी. आपल्याकडे स्वस्तात मागून ढकलणाऱ्या गाड्या किती? ओम्नी, ईको, जिप्सी, जुनी पद्मिनी, कॉन्टेसा, अँबेसेडर. यातली एक माझ्याकडे फुकट आहे.

‘३५ अश्वशक्तीत काय ड्रिफ्ट?’ म्हणणाऱ्यांसाठी: जपानात हा खेळ ज्या टोयोटा एई ८६ मुळे गाजला, ती १९८३ ते ८७ मधली कोरोलाच्याच घराण्यातली गाडी. १६०० सीसी, वजन हजार किलोच्या आत. ड्रिफ्टचा जपानी उस्ताद केइची त्सुचिया ती घेऊन घाटरस्त्यांवर शिकला. ताकद कमी असेल तर पकड कमी करायची, इतकं साधं गणित आहे.

बेत असा: मागच्या सीटा आणि गॅसची टाकी बाहेर, डिफरन्शियलचे (वळणात मागची दोन चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच) स्टार गिअर वेल्ड, हँडब्रेकची केबल आणि लायनर नवीन, मागे झिजलेले कडक टायर जास्त हवेवर, चालकाला बकेट सीट आणि चार पट्ट्यांचा बेल्ट. बांधू की नको, कारणासकट सांगा.

पाना नंबर बारा:
नको. चिपळुणात २२ वर्षं गॅरेज आहे, ओम्नीखाली जितका झोपलो तितका घरी झोपलो नसेन.

ताकदीचं सोड, बसायची जागा बघ. ओम्नीत तू पुढच्या चाकांच्या डोक्यावर बसतोस, इंजिन तुझ्या बुडाखाली. मागचा भाग सुटला की तो कमरेला कळायला उशीर होतो, कारण तू फिरण्याच्या मध्यापासून लांब पुढे आहेस. त्यात दोन आसांमधलं अंतर १८४० मिलिमीटर. तुझ्या त्या एई ८६ चं २४०० आहे. आखूड गाडी भोवऱ्यासारखी फिरते, उलट स्टीअरिंग मारेपर्यंत तोंड आल्या वाटेकडे झालेलं असतं. वर उंच डबा. डांबरावर टायरने पकड धरली की ओम्नी घसरत नाही, कलंडते.

आणि समोर काही लागलं तर आधी तुझे गुडघे. पुढे बॉनेट नावाचा प्रकारच नाही.

सडेकर:
डांबरावर जायचंच नाहीये. मुरमाड, ओल्या जमिनीवर टायर इतका धरणारच नाही की गाडी उलटेल.

पाना नंबर बारा:
मुरमात एक दगड वर आलेला पुरतो. चाक घसरता घसरता त्याला अडलं की झालं.

हँडब्रेक:
ओम्नीचा नाद सोड, मारुती ८०० घे. जेमतेम ६५० किलो, बुटकी, सुटे भाग लांज्यालाही मिळतात. हँडब्रेक ओढला की मागचा भाग मस्त येतो. मी कॉलेजात असताना त्यावरच शिकलो.

सडेकर:
ते ड्रिफ्ट नाही, फरपट आहे. ८०० पुढून ओढते. हँडब्रेक सोडला आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की पुढची चाकं गाडीला सरळ करतात. घसरण लांबवायला तुझ्या हातात काहीच उरत नाही. भाजी फोडणीला टाकून गॅस बंद करण्यातला प्रकार.

हँडब्रेक:
टिकत नाही हे मान्य. पण वजन पुढे कधी जातं, मागचं चाक हलकं कधी होतं, नजर कुठे ठेवायची, हे सगळं ८०० शिकवते आणि ते शिकताना काही वेल्ड करावं लागत नाही. तुला शिकायचंय की बांधायचंय, ते आधी ठरव. दोन्ही हौशी वेगळ्या आहेत. ज्या बांधण्यातच मालकांचा जन्म गेला आणि ज्या एकदाही फिरल्या नाहीत, अशा दोन गाड्या मला माहीत आहेत. (एक माझीच ८००.)

चाकरमानी डोंबिवली:
मी बांधायच्या बाजूने, पण पद्मिनी घ्या. बुटकी, लांब, इंजिन पुढे, ढकल मागून. हीच खरी ड्रिफ्टची ठेवण. किंवा प्रीमियर ११८ एनई, तिच्यात तर निसानचंच ए १२ इंजिन होतं. म्हणजे जपानी रक्त आयतंच आलं!

पाना नंबर बारा:
ठेवण बरोबर, बाकी स्वप्न. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक, गिअर स्टीअरिंगच्या दांड्यावर. घसरत्या गाडीत तो दांडा शोधून दाखवा. शिवाय धड पद्मिनी आता शौकीन लोक जपून ठेवतात, ती कापायची म्हणजे माझा तरी हात चालणार नाही. ११८ एनईची काच फुटली तर कुठे शोधणार?

कुडाळचो झिल:
गाडी ऱ्हवांदे रे. झिला, फिरवतलंस खय तां आधी सांग.

खाजणकाठ:
हाच प्रश्न माझाही. मी दापोलीजवळ किनाऱ्यावर राहते. दर शनिवारी-रविवारी कुणाची तरी गाडी ओल्या वाळूत गोल गोल फिरते, भरती चढते, मग ट्रॅक्टरवाल्याला हाका मारतात. मागच्या हिवाळ्यात माझ्या भाच्याच्या पायाला चाकाने उडालेली शिंपली लागून तीन टाके पडले. गाडीवाला थांबलासुद्धा नाही. वेळास, आंजर्ल्याकडे याच दिवसांत कासवं अंडी घालायला येतात. वाळूवरची चाकोरी तुम्हाला फोटोत छान दिसते. घरट्यातून निघालेल्या पिल्लाला ती दरीसारखी असते, समुद्राकडे जायचं सोडून ते चाकोरीतच चालत राहतं.

‘ड्रिफ्ट’ शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं, हे आधीच कबूल करते.

सडेकर:
ताई, किनाऱ्यावर एकदाही नाही. पुळणीत गाडी घालणं म्हणजे खेळ नव्हे, आणि खाऱ्या पाण्याने पत्र्याची वाट लागते ती वेगळीच.

चाकरमानी डोंबिवली:
पण हा खेळ करायचा कुठे, हेही कुणीतरी सांगा ना! धावपट्ट्या कोइम्बतूरला, चेन्नईजवळ, ग्रेटर नोएडाला. रत्नागिरीचा पोरगा ओम्नी ट्रकवर चढवून कोइम्बतूरला नेणार? बैलगाडा शर्यतीचा कायदा २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला. बैलांना मैदान आहे, पोरांना नाही. मग पोरं आंबा घाटात जातात.

काळा कोट:
बैलगाडा शर्यतीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, नियम आहेत, ते मोडले तर कारवाई आहे. तुलना करायची तर पूर्ण करा.

आता गाडीचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळी होईल अशी गाडी परस्पर बदलता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड. प्रत्येक बदलामागे, हे शब्द दोनदा वाचा. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर कलम १८९ वेगळं. शिवाय २००५ ची पेट्रोल गाडी म्हणजे १५ वर्षं उलटली, दर पाच वर्षांनी पुन्हा पासिंग. सीटा काढलेली, स्टार गिअर वेल्ड केलेली ओम्नी पासिंगला नेऊन बघा.

खासगी जागेत, लोकांचा वावर नसलेल्या ठिकाणी फिरवली तर चित्र बरंच बदलतं. पण तिथवर ती चालवत न्यायची नाही, लादून न्यायची. अपघात झाला तर विम्याकडून फार आशा ठेवू नका.

सडेकर:
जागा आहे. आमचा स्वतःचा सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार. घरापासून अर्धा किलोमीटर, वस्ती नाही, पावसाळा सोडला तर गुरंही नाहीत.

कातळखोद:
थांबा. कुठल्या बाजूचा सडा? रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, आणि कोकणातली ही शिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. उक्षी, बारसू, कशेळी ही नावं लोकांना माहीत झाली. पण कित्येक चित्रं अजून माती-गवताखाली आहेत, आणि मालकालाही पत्ता नसतो. खोदरेषा दोन-चार बोटं खोल. घसरतं चाक त्यावरून चार वेळा गेलं की हजारो वर्षांचा हत्ती गेला. आधी पावसानंतर, सकाळच्या तिरप्या उन्हात सगळा सडा पायी फिरा. त्याच उन्हात रेषा दिसतात.

आणि टायरचंही सांगतो. कोरड्या जांभ्यावर टायर म्हणजे किसणीवर खोबरं.

सडेकर:
हे डोक्यात नव्हतं आलं. खरंच. पण सड्याच्या एका कडेला आजोबांच्या वेळची बंद चिरेखाण आहे. तिथला वरचा थर कधीच कापून नेलाय, खाली सपाट तळ, वर लाल माती. तिथे शिल्प असायचा प्रश्नच नाही.

कुडाळचो झिल:
खाणीत? चारय बाजूक भिंती. घसारलंस की भिंतीत. जूनपासून दिवाळीपर्यंत पाणी, मगे गाडी न्हंय, होडी बांध.

हँडब्रेक:
भिंत आहे म्हणून तर गाडी बाहेर जाणार नाही. जुने टायर दोरीने बांधून भिंतीला दोन थर लावायचे. पंक्चरवाले टायर फुकट देतात, त्यांनाही नकोच असतात. तळ किती मोठा आहे रे?

सडेकर:
मोजला नाही. व्हॉलीबॉलची चार मैदानं आरामात बसतील.

पाना नंबर बारा:
चार मैदानांत दुसऱ्या गिअरला एक गोल. तेवढ्यासाठी लाख रुपये? बरं, वेल्डबद्दल कुणीच काही बोललं नाही म्हणून सांगतो. साध्या डिफरन्शियलमध्ये वळणात आतलं चाक हलकं होतं आणि तेच नुसतं गरगर फिरतं, ताकद वाया जाते. वेल्ड केलं की दोन्ही चाकं एकसारखी फिरतात, हे खरं. पण मग प्रत्येक वळणावर टायर खरवडतात आणि सगळा पीळ आसाच्या दांड्यांवर येतो. ओम्नीचे दांडे त्यासाठी नाहीत. वेल्डचा बारीक तुकडा सुटून क्राऊनमध्ये गेला तर सगळं हाऊसिंग गेलं. ओल्या मातीत साधं डिफरन्शियलही शिकण्यापुरतं पुरतं. वेल्ड यादीतून काढ.

पण हे सगळं नंतर. आधी पत्रा. समुद्राच्या वाऱ्यात वर्षानुवर्षं उभी राहिलेली गाडी वरून रंगाने शोभते, खालून चाळणी असते. जुलै २०२१ च्या पुरानंतर आमच्याकडे अशा कितीतरी गाड्या आल्या, आत शॅम्पू मारलेला आणि चॅनेलमध्ये गाळ. हातोडी घे, गाडीखाली आडवा पड. पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर जिथे चॅसीला धरतात तिथे, पुढच्या सीटखाली आणि स्टीअरिंगचा बॉक्स बसतो तिथे ठोक. टण् आवाज आला तर पुढे बोलू. भद् आला तर नको.

खाजणकाठ:
पहिल्यांदा या धाग्यावर कुणीतरी उपयोगाचं बोललं.

सडेकर:
आज सकाळी बघितलं. कोंबडीला आधी हलवली.

स्टीअरिंगकडे टण्. चालकाच्या सीटखाली टण्. डाव्या मागच्या हँगरला हातोडी लागली आणि मूठभर गंज तोंडावर आला, भोकातून बोट आत गेलं. उजवा त्याहून बरा, पण धड तोही नाही. वडील बाजूला उभे होते. म्हणाले, ‘यातून आम्ही पस्तीस-पस्तीस पेट्या नेत होतो.’ आणि घरात गेले.

चाकरमानी डोंबिवली:
अरे, तेवढा तुकडा कापून नवीन चॅनेल मारता येतो! एवढ्यासाठी सोडू नकोस.

पाना नंबर बारा:
मारता येतो. पेट्या वाहायला मारून देईन. आडवी घसरवायला नाही देणार, माझ्या वेल्डवर माझं नाव असतं.

सडेकर:
हँडब्रेक, ती तुझी अर्धवट ८००, जी कधीच फिरली नाही. अजून आहे का?

हँडब्रेक:
आहे. इंजिन चालतं, रंग नाही, पुढची काच नाही. विकायची नाही पण. खाण बघायला येऊ का रविवारी? टेप मी आणतो.

कुडाळचो झिल:
काच नाय? मगे तोंडार चिखल घेऊन शिकतलंस. हेल्मेट दोन हाडा.