अश्वशक्ती एकटी पाहू नका, वजनही पाहा

"टियागोचं इंजिन ८६ पीएस (म्हणजे मेट्रिक अश्वशक्ती) आणि अल्टो के-१० चं ६७, म्हणजे टियागोच पळणार" हे म्हणणं मला अर्धंच पटतं. अल्टोचं रिकामं वजन साधारण ७५० किलो, टियागोचं ९५० च्या पुढे. भागाकार केला तर दोघींच्या वाट्याला टनामागे ९० च्या आसपासच पीएस येतात. म्हणून शहरात एकट्यादुकट्याने सिग्नलवरून सुटताना अल्टो अजिबात मागे राहत नाही.

खरी गंमत पुढे आहे. पाच माणसं आणि सामान मिळून ४०० किलो चढवा. आता अल्टो टनामागे ५८ वर येते, टियागो ६३ वर थांबते. हलक्या गाडीला भार जास्त जाणवतो तो असा. खंबाटकी घाटाच्या चढावर एसी लावून ट्रकला ओव्हरटेक करताना हा फरक पायाला कळतो. अल्टोत तिसऱ्यावरून दुसरा गिअर टाकावा लागतो. टियागोचा टॉर्क, म्हणजे इंजिनाचा पिळाचा जोर, ११३ न्यूटन मीटर, अल्टोचा ८९, त्यामुळे तिथे टियागो तिसऱ्यातच ओढते.

जुन्या ७९६ सीसीच्या अल्टोची तुलना मात्र इथे नकोच, ती ४८ पीएसची. घाटात तिच्याकडून अपेक्षा ठेवणं अन्यायाचं आहे.

आणि टॉप स्पीडवर एवढा वाद कशाला? मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर मर्यादाच ताशी १०० किलोमीटरची आहे. मी तरी ६० ते १०० गाठायला किती वेळ लागतो तेच बघेन. टेस्ट ड्राइव्हला जाताना घरची चार माणसं सोबत न्या आणि एखादा चढ आवर्जून घ्या.