काळ्या दगडावरचं सिमेंट कसं काढावं? मदत हवी आहे

पंचवटीत आमच्या गल्लीत पेशवेकालीन घडणीचं छोटं शिवमंदिर आहे. नारोशंकर (१७४७) किंवा सुंदरनारायण (१७५६) यांच्यासारखं नावाजलेलं नाही, संरक्षित यादीतही नाही. देखभाल गल्लीच करते. २०१६ च्या पुरानंतर सभामंडपाच्या भिंतींना खालून चार फुटांपर्यंत सिमेंटचं प्लास्टर केलं. आता ओल आतच कोंडते, प्लास्टरच्या वरच्या कडेला पांढरा लोणा (क्षार) फुटलाय आणि दगडाचे पापुद्रे सुटतायत. एका खांबावरच्या वेलबुट्टीची पानं बोट लावलं तरी भुगा होऊन गळतात. बघवत नाही.

मागच्या बाजूला वीतभर जागेत छिन्नीने सिमेंट काढून पाहिलं, पण त्यासोबत दगडाची कडही निघाली, म्हणून लगेच थांबलो. आत दर्जांमध्ये, म्हणजे दगडांच्या सांध्यांत, जुना चुना आहे, विटांच्या लालसर भुकटीसकट, अजून घट्ट. एक ठेकेदार वाळूचा फवारा मारू म्हणतो, दुसरा सरळ ऑइलपेंट. दोघांनाही नकार दिला. सिंहस्थाआधी उरकून टाका असा आग्रह होतोय, पण मला घाई नकोय.

पैसे वर्गणीचे, त्यामुळे काम टप्प्याटप्प्याने होईल. रोजची पूजा बंद ठेवता येणार नाही. गाभारा कोरडा आहे, तिथे हात लावायचा नाही.

दगडाला इजा न होता सिमेंट काढण्याची पद्धत कोणी प्रत्यक्ष वापरली आहे का? आणि घाणीत दळलेल्या चुन्याने दर्जा भरणारा गवंडी नाशिकच्या आसपास कुठे मिळेल?