साळुंके म्हणजे निव्वळ नाइलाज?

टीकाराम : अण्णा साळुंक्यांवर कौतुकाचे लेख बस करा. ग्रँट रोडच्या हॉटेलातला आचारी, बाई मिळेना म्हणून फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती केला. उरलेलं रीळ पाहा, सगळे नुसते तुरुतुरु पळतात. याला अभिनय म्हणायचं?

गिरगावकर : चार ओळींत माणूस मोडीत काढलात, म्हणून लिहावं लागतंय. 1913 मध्ये रंगभूमीवर तरी बायका कितीशा होत्या? बालगंधर्वांना नाइलाज म्हणाल का? 'लंकादहन'मध्ये (1917) राम आणि सीता दोन्ही साळुंकेच. कथेत दोघं बराच काळ दूर, म्हणून जमलं, हे मान्य. पण चित्रपट तुफान चालला. पुढे ते कॅमेऱ्यामागेही गेले, ते तुम्ही सोयीस्कर गाळलंत.

रीळभक्त : तुरुतुरु हा दोष नटाचा नाही. कॅमेऱ्याचं हँडल हातानं फिरवायचे. सेकंदाला दोन फेरे, फेऱ्याला 8 चौकटी (फिल्मवरची एकेक चित्रं), म्हणजे सेकंदाला 16. 35 मिमी फिल्मच्या एका फुटातही 16च चौकटी. 'राजा हरिश्चंद्र' 3700 फूट, म्हणजे जवळजवळ 62 मिनिटं. बोलपटाच्या, म्हणजे सेकंदाला 24च्या वेगानं पळवलात तर 41. दीडपट वेगात कुणीही माकडच दिसेल.

टीकाराम : 16 काय वेदवाक्य आहे? हात कमीजास्त व्हायचाच.

रीळभक्त : व्हायचाच! म्हणून दृश्यागणिक चालणं, पडणारं पाणी, उडणारा पदर बघून वेग लावायचा असतो. दर दुसरी चौकट दोनदा छापली की 16चे 24 होतात, पण हालचाल अडखळते. त्या फिल्मला लाल रंग दिसायचा नाही हेही लक्षात घ्या. लाल ओठ काळे पडायचे. त्यावरून 'भडक रंगवलंय' म्हणू नका.

दुर्गाबाईंच्या बाजूने : फिरवा तुमचे फेरे. 1913च्याच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती, मुलगी कमलाबाई मोहिनी. खऱ्या बायका आल्या तरी धागा लुगडं नेसलेल्या पुरुषावरच!

गिरगावकर : काढा की वेगळा धागा, पहिला प्रतिसाद माझा. इथे विषय साळुंके आहे. आणि टीकाराम, पुण्याच्या चित्रपट संग्रहालयात उरलंय ते 1475 फूट, पहिलं आणि शेवटचं रीळ. तेही फाळक्यांनी 1917 साली पुन्हा काढलेल्या आवृत्तीचं, असं काही अभ्यासक म्हणतात. तुम्ही नक्की कुठली तारामती नापास केलीत?

टीकाराम : बरं बाबा, वेगाचा मुद्दा घेतला. पण त्याच वादग्रस्त रिळांवर तुम्ही तरी त्यांना महान कसं ठरवता?

गिरगावकर : महान कोण म्हणालं? 'आचारी' म्हणून फाइल बंद करू नका, एवढंच.

रीळभक्त : आणि कृपा करून लांबी मिनिटांत लिहू नका. फुटांत लिहा!