निबंधावरच्या लाल खुणा
इंग्रजीच्या शिक्षकांनी निबंधातली प्रत्येक चूक दाखवलीच पाहिजे, असं एक मत आहे. मला नाही पटत. लालेलाल पान दिसलं की मुलं मार्क बघतात आणि वही मिटतात. त्यापेक्षा एका वेळी एकाच प्रकारच्या चुका धराव्यात, समजा काळाच्या. 'येस्टरडे ही गोज' असं लिहिलं असेल तर नुसती खाली रेघ मारायची; दुरुस्ती मुलानेच करायची आणि तो परिच्छेद वर्गातच पुन्हा लिहायचा. त्यासाठी तासाला वेळ राखून ठेवावा लागतो, आणि तो ठेवावाच. आठवीतही अडखळत वाचणाऱ्यांचं मात्र वेगळं. अक्षरं आणि उच्चार जुळत नाहीत की शब्दच माहीत नाहीत, हे शेजारी बसवून मोठ्याने वाचून घेतल्याशिवाय कळत नाही.