मदत हवी आहे : चुंबकीय क्षेत्रात रोध घटतो, ती घट खरी की फसवी?

नमस्कार मंडळी. मी सांगलीत एम.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढच्या आठवड्यात टोपोलॉजिकल सेमीमेटलवर (ज्यात इलेक्ट्रॉनचे दोन ऊर्जापट्टे ठरावीक ठिकाणीच एकमेकांना भिडतात, असा पदार्थ) सेमिनार आहे. विषय हौसेनं मीच मागून घेतला, आता निस्तरतेय!

ऑप्टिकल भाग बराचसा उमगलाय. त्रिमितीय डिरॅक किंवा वाइल पदार्थात (हे याच सेमीमेटलचे प्रकार) आंतरपट्टा कंडक्टिव्हिटी, म्हणजे प्रकाश शोषून इलेक्ट्रॉन खालच्या पट्ट्यातून वरच्यात गेल्यानं येणारी वाहकता, प्रकाशाच्या वारंवारतेच्या सरळ प्रमाणात वाढते. फर्मी पातळी (इलेक्ट्रॉन जिथवर भरलेले असतात ती ऊर्जा) नोडपासून, म्हणजे पट्टे भिडतात त्या बिंदूपासून, सरकलेली असेल, तर फोटॉनची ऊर्जा त्या अंतराच्या दुप्पट झाल्यावरच हे शोषण सुरू होतं. इथपर्यंत ठीक.

गाडी अडलीय ती विद्युत वहनाशी. साध्या धातूत चुंबकीय क्षेत्र लावलं की रोध वाढतो, हे बी.एस्सी.पासून पाठ. पण २०१५ मध्ये वाइल सेमीमेटल म्हणून सिद्ध झालेल्या टँटलम आर्सेनाइडमध्ये प्रवाह आणि क्षेत्र समांतर ठेवल्यावर तो घटलेला दिसतो. कारण सांगतात कायरल अ‍ॅनोमली, म्हणजे समांतर विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांमुळे इलेक्ट्रॉन एका वाइल नोडकडून विरुद्ध प्रकारच्या नोडकडे ढकलले जाणं. मात्र करंट जेटिंगमुळेही, म्हणजे नमुन्यात प्रवाह असमान पसरल्यामुळेही, अशीच घट दिसते म्हणे. उन्हाळ्यात आयर्विन पुलाखाली कृष्णा मधल्या धारेनंच वाहते आणि काठ कोरडा राहतो ना, तसा प्रवाह मध्येच एकवटतो. मग कडेला लावलेल्या व्होल्टेजच्या टोकांना रोध कमी भासतो.

मग खरी घट ओळखायची कशी? टोकांच्या जागा बदलून पुन्हा मोजायचं, एवढंच मला सुचलं. तेवढं पुरेसं आहे का? कमी तापमानाला अशी मोजमापं स्वतः केलेलं कुणी असेल तर प्लीज सांगा. आमचे सर नेमकं हेच विचारणार.