ब्राझिली लय आणि इंडी बँड : रंग घेतला, ठेका सोडला?

दोन_मात्रा
ब्राझिली संगीत आणि इंडी (छोट्या, स्वतंत्र बँडचा रॉक-पॉप) यांच्या मिलाफाचा विषय निघाला की 'लिटल जॉय' हा बँड आणि त्याच नावाचा त्यांचा अल्बम (2008) हमखास पुढे येतो. रिओच्या 'लॉस एर्मानोस'चा रॉद्रिगो अमारांते, 'द स्ट्रोक्स'चा ड्रमर फाब्रिझिओ मोरेत्ती (जन्म रिओचाच) आणि बिंकी शपिरो. अल्बम गोड आहे, वाद नाही. पण त्यातलं ब्राझील आहे ते शेवटच्या 'एव्हापोरार'च्या पोर्तुगीज शब्दांत आणि गाण्याच्या हळुवारपणात. लय बव्हंशी साठच्या दशकातल्या पॉपची, कुठे कुठे जमैकन रॉकस्टेडीची. माझं म्हणणं असं की ठेका आला नसेल तर त्याला मिलाफ म्हणू नये.

सांबा हा ब्राझिली तालप्रकार दोन मात्रांचा. सगळ्यात खर्जातला सुर्दो (मोठा ढोल) दुसऱ्या मात्रेवर मोकळा घुमतो. पहिलीवर त्याहून वरच्या सुरातला सुर्दो. इंडी ड्रमर सवयीने पहिलीवर किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) दाबतो आणि दुसरीवर स्नेअर (खाली तारा लावलेला कडक आवाजाचा ड्रम) मारतो. वजन उलटं पडतं. मग वर तांबोरिम (काठीने वाजणारं छोटं डफ) कितीही वाजवा, खालून रॉकच ऐकू येतो.

नायलॉन_सहा
असहमत. ही कसोटी लावली तर त्रोपिकालियाचं, म्हणजे ब्राझिली गाण्यात रॉक मिसळणाऱ्या साठच्या दशकातल्या चळवळीचं, काय कराल? 17 जुलै 1967 ला साओ पावलोत इलेक्ट्रिक गिटारविरोधात मोर्चा निघाला. गायिका एलिस रेजिना पुढे होती, गायक जिल्बेर्तो जिलही चालला. तीनच महिन्यांनी तोच जिल 'टीव्ही रेकॉर्ड' वाहिनीच्या गाण्यांच्या महोत्सवात 'ओस मुतांतेस' या रॉक बँडला घेऊन 'दोमिंगो नो पार्के' गायला आणि दुसरा आला. गायक कायतानो वेलोझोच्या साथीला तर अर्जेंटिनी रॉक बँड, 'बीट बॉइज'. शुद्धतेचा आग्रह ब्राझिलियनांनीच तेव्हा मोडून काढला. तो आपण इथे बसून का धरायचा?

दोन_मात्रा
तुमचंच उदाहरण घेतो. 'दोमिंगो नो पार्के'त संगीत-संयोजक रोजेरियो दुप्राचा वाद्यवृंद आहे, गिटार आहेत, आणि त्यांच्याबरोबर कापोएरा या ब्राझिली युद्धनृत्यातला बेरिंबाउ (धनुष्यासारखं एकतारी वाद्य) आहे. तो आधार हलत नाही, म्हणून वर काहीही चढवता येतं. मी गिटारला नको म्हणत नाही, तळ काढून घ्यायला नको म्हणतो.

मिक्सरूम
दोघंही बँडकडे बघताय. लय बऱ्याचदा वादकांकडून येते आणि रेकॉर्डिंगनंतर मरते. मात्रेचे चार भाग केले तर पांदेइरोवर (चकत्या लावलेल्या ब्राझिली डफावर) ते समान अंतरावर पडत नाहीत. तिसरा आणि चौथा भाग किंचित आधी येतो. मिनिटाला 100 मात्रांच्या लयीत एक भाग 150 मिलिसेकंदांचा. त्यात 10 ते 25 मिलिसेकंदांची ओढ म्हणजे पुष्कळ झाली. इंडी निर्माते सगळं क्वांटाइझ करतात, म्हणजे संगणकावर प्रत्येक ठोका समान अंतराच्या ग्रिडवर बसवतात, आणि ती ओढ पुसली जाते. ढोलकीची लग्गी ग्रिडवर बसवून ऐका, काय जातं ते लगेच कळेल.

उपाय सोपा आहे. क्लिक (लय धरायला दिलेली टिकटिक) फक्त मात्रेवर ठेवा, तिचे भाग वाजवू नका. पांदेइरो सर्वांत आधी रेकॉर्ड करा आणि बाकीच्यांना हेडफोनमध्ये तोच द्या. क्वांटाइझ करावंच लागलं तर त्या पांदेइरोवरून ग्रूव्ह टेम्प्लेट (त्याच्या ओढीचा साचा) काढा. आणि पांदेइरोच्या जागी साधी टँबोरिन वापरू नका. पांदेइरोच्या चकत्या खोलगट असतात, आवाज कोरडा आणि आखूड येतो. टँबोरिनची छमछम लांबते, चारही भाग एकमेकांत मिसळतात आणि उरतो नुसता फसफसाट.

नायलॉन_सहा
क्वांटाइझबद्दल पूर्ण सहमत. मोठी गफलत मात्र गिटारवर होते. बोसा नोव्हात (सांबातून निघालेल्या हळुवार गिटारशैलीत) अंगठा बास धरतो, मात्रेवर, शांतपणे. तर्जनी, मध्यमा, अनामिका मिळून कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) उचलतात आणि पुढच्या आवर्तनाची कॉर्ड बऱ्याचदा पाव मात्रा आधीच वाजते. बास अजून जुन्या सुरावर आणि वर नवी कॉर्ड, त्या निमिषभराच्या ताणातच बोसा आहे. पिकने स्ट्रम केलं की बास आणि कॉर्ड एकदम बदलतात, ताण संपतो. बोसात सर्रास येणारी मेजर सेव्हन्थ कॉर्ड वाजवली म्हणून बोसा होत नाही.

तरीही मूळ मुद्दा सोडत नाही. 1999 च्या अमेरिका दौऱ्यात त्रोपिकालियातलेच गायक-रचनाकार तोम झे यांना शिकागोच्या 'टॉर्टोइज'ने साथ केली. हा बँड सांबाचा नव्हेच. पण झे यांच्या 'एस्तुदांदो ओ सांबा' या अल्बममध्ये (1976) गिटारचे छोटे छोटे तुकडे एकात एक अडकवून गाणं उभं राहतं, आणि 'टॉर्टोइज'ही मरिंबा, व्हायब्राफोन, दोन ड्रमसेट घेऊन तशीच वीण घालतो. तिथे रचनेची पद्धत जुळली. ठेक्याइतकंच ते मोलाचं आहे.

दोन_मात्रा
हे उदाहरण मान्य, पण ते माझ्या बाजूचंही आहे. झे यांचे तुकडे मुळात सांबातूनच कापलेले, त्यामुळे वीण जुळली की लय सोबत येतेच. ज्या बँडकडे असा रचनाकार नाही, त्यांनी निदान एवढं करावं: स्नेअरची तार सैल सोडावी, दुसऱ्या मात्रेवर फ्लोअर टॉम (सेटमधला खर्जातला ड्रम) मोकळा, पहिलीवर हाताने दाबून. किक अगदी हलकी. मोठा गेटेड रिव्हर्ब (झटकन तोडलेला कृत्रिम घुमारा) अजिबात नको, दुसऱ्या मात्रेची घुमक त्यात मध्येच कापली जाते.

मिक्सरूम
आणि बास गिटारवाल्याला सांगा, त्या घुमकेवर लांब सूर धरू नकोस. 60 ते 100 हर्ट्झमध्ये दोघांची मारामारी होते आणि हरतो टॉमच. आखूड सूर, तळहाताने दाबलेला.

नायलॉन_सहा
हे करून जे निघेल त्याला मी आनंदाने मिलाफ म्हणेन. 'लिटल जॉय'लाही म्हणतोच. अमारांतेचं गाणं इंग्रजीतही रिओचंच वाटतं, व्हायब्रॅटो (सुराचा कंप) जवळजवळ नाही, शब्द मात्रेच्या मागे रेंगाळतात. लय फक्त ड्रमवर शोधली तर ती सुटणारच.