मदत हवी आहे : अण्णांना घेऊन जूनमध्ये झोजीला, बुलेटवरून

नमस्कार मंडळी,

येत्या जूनमध्ये माझे वडील (अण्णा, वय ६४) आणि मी दोन मोटारसायकलींवर जम्मू–श्रीनगर–कारगिल–लेह करायचं म्हणतोय. रस्ता, हॉटेलं, जॅकेटं याबद्दल बरंच वाचून झालंय. अडलंय ते एकाच ठिकाणी : अण्णांना उंची बाधू नये म्हणून मुक्काम कुठे आणि किती टाकावेत? साठीच्या पुढच्या माणसाला घेऊन कुणी हा रस्ता केला असेल तर वेळ काढून लिहा, फार उपकार होतील.

थोडं घरचं सांगते, म्हणजे आम्ही का निघालोय ते कळेल. अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. एकतीस वर्षं नोकरी, त्यातली बरीचशी महाबळेश्वर ते पोलादपूर, आंबेनळी घाटात गेली. त्यांचे थोरले भाऊ, आमचे तात्या, लष्करात ड्रायव्हर. १९८४ ते ८७ ते शक्तिमान ट्रक घेऊन श्रीनगर–द्रास–कारगिल करायचे. त्यांची पत्रं अण्णांनी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवली आहेत. एका ड्रायव्हरने दुसऱ्याला लिहावं तशी ती पत्रं आहेत : श्रीनगर-द्रासच्या मधल्या झोजीला खिंडीत कुठलं वळण एका दमात निघत नाही, पाणी रस्त्यावर कुठे येतं, कॉन्व्हॉय (लष्करी गाड्यांचा ताफा) किती वाजता सोडतात. दोघं रिटायर झाले की एकदा बरोबर जायचं, असं ठरलं होतं. तात्या २०१९ ला गेले.

आता झोजीलाखालून तेरा-चौदा किलोमीटरचा बोगदा होतोय. खंबाटकीत काय झालं ते आम्हा सातारकरांना ठाऊक आहे. बोगदा झाला आणि पुण्याकडे जाणाऱ्याला घाट चढायचं कामच उरलं नाही. त्यामुळे 'पुढच्या वर्षी बघू' हे मी अण्णांना म्हणू शकत नाही.

तारखांचं असं आहे. ६ जूनला पुण्याहून निघायचं आणि महिनाअखेर परत. यंदा ज्येष्ठ अधिक असल्याने आषाढी २५ जुलैला आहे, म्हणजे माउलींची पालखी लोणंदला यायच्या आत अण्णा निवांत घरी असतील. वारी ते चुकवत नाहीत. शिवाय जुलैत अमरनाथ यात्रा. बालटालचा तळ सोनमर्गच्या पुढेच असल्याने त्या गर्दीत हा रस्ता नको.

माझी गाडी हिमालयन आहे, फ्युएल इंजेक्शनची, तिची काळजी नाही. अण्णांची १९९८ची बुलेट. गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या, दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक. मी त्यांना माझी गाडी घ्या म्हटलं, तर पस्तीस किलोमीटर चालवून आणून दिली आणि म्हणाले, "ऐन वळणात पाय चुकीच्या बाजूला जायचा." बरोबर आहे त्यांचं. उतारावरच्या ड्रम ब्रेकचीही मला फारशी भीती नाही, कारण त्यांचा नियम पक्का आहे : ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये उतरायचा. परवा मी मागे बसून मुद्दाम पाहिलं. यवतेश्वरचा घाट उतरताना त्यांनी ब्रेक तीनदाच धरला. क्लच वायर, थ्रॉटल वायर, दोन ट्यूब, प्लग आणि पॉइंटचा सेट एका कापडी पिशवीत भरून तयार आहे. आरसीचं नूतनीकरण झालंय, पीयूसी आहे.

खरी काळजी पुढे आहे. अण्णांना आठ वर्षांपासून बीपीची गोळी चालू आहे. उंचीसाठी लोक डायमॉक्स घेतात, पण ते औषध सल्फाच्या जातीचं. अण्णांना पूर्वी एकदा सल्फाच्या गोळीने अंगभर पुरळ उठून दोन दिवस दवाखान्यात राहावं लागलं होतं. म्हणजे गोळीच्या भरवशावर राहायचं नाही. दिवस वाढवायचे आणि हळूहळू चढायचं, एवढंच आमच्या हातात आहे.

म्हणूनच मनालीकडून चढायचा बेत मी आधीच सोडला. तिकडून गेलं की दुसऱ्या-तिसऱ्या रात्रीच सरचूला ४,२९० मीटरवर झोपायची वेळ येते. श्रीनगर १,६००च्या आत आहे, झोजीला ३,५२८ आणि पलीकडे कारगिल परत २,७०० च्या खाली. घाट चढून खाली झोपायला मिळतं, हा या बाजूचा मोठा फायदा.

मी आखलेलं असं : जम्मूहून एक मुक्काम मध्ये करून श्रीनगर, तिथे दोन रात्री. सोनमर्ग दोन रात्री. मग झोजीला, द्रासचं युद्धस्मारक आणि कारगिल, तिथेही दोन रात्री. पुढे बरेच जण लामायुरूला राहतात, पण ते ३,५०० मीटर आहे. मला वाटतं, फोतूला (४,१०८ मीटर, या रस्त्यावरची सगळ्यात उंच खिंड) ओलांडून, लामायुरूचा मठ पाहून, खाली आल्चीला यावं. ते ३,१०० च्या आसपास आहे. मग लेह. तिथे पहिले दोन दिवस गाडीला हातही लावायचा नाही. लेहच्या वरची खारदुंगला खिंड यादीत नाही. अण्णांना त्याची ओढ नाही आणि मलाही त्यांना तिथे नेण्याची हौस नाही.

आता विचारायचंय ते.

सोनमर्गला दोन रात्री जास्त होतात का? माझ्या मते तिथेच घाई करू नये, पण आई म्हणते, हॉटेलात बसून हा माणूस कंटाळेल आणि भलतीच चढण पायी चढून येईल.

परत येताना त्याच रस्त्याने यावं की लेहहून मनालीला उतरावं? तोपर्यंत शरीर सरावलेलं असेल हे मान्य. पण त्या वाटेवरची तांगलांगला खिंड ५,३२८ मीटर आणि मध्ये कारू ते तांदी साडेतीनशे किलोमीटरला पंपाचा भरवसा नाही. मला मन घट्ट करून 'नको' म्हणायचंय. कुणी केलं असेल तर खरं खरं सांगा.

कार्ब्युरेटरच्या बुलेटला एवढ्यासाठी मेन जेट (इंजिनात पेट्रोल सोडणारं बारीक भोक) बदलावं का? वर हवा विरळ म्हणून मिश्रण पेट्रोलकडे झुकतं, प्लग काळा पडतो, ओढ कमी होते, एवढं कळतं. आमचे मेस्त्री म्हणतात बदला, अण्णा म्हणतात हात लावू नका.

आणि रेल्वेने गाड्या पाठवण्याबद्दल. पुण्याहून झेलम एक्सप्रेसने जम्मू. तिकिटावर लगेज म्हणून टाकली तर गाडी आपल्याच ट्रेनने येते आणि पार्सल म्हणून टाकली तर मागेपुढे होते, हे बरोबर ना? टाकी रिकामी करून, पोतं बांधून, आरसीची प्रत देऊन... आणखी काही लागतं का?

भर, दहा दिवसांनी :

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढ्या जणांनी एवढं सविस्तर लिहिलं की अण्णांना मी संध्याकाळी मोठ्याने वाचून दाखवत होते.

काल फिजिशियनकडे जाऊन आलो. ईसीजी, टूडी इको झालं, स्ट्रेस टेस्टही झाली. बीपीची गोळी एक दिवसही चुकवायची नाही, डायमॉक्स नको. डोकं दुखत असताना वर चढायचं नाही. चालताना तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर रात्र असो की पहाट, खाली उतरायचं. हे मी कागदावर लिहून दोन्ही गाड्यांच्या टँक बॅगेत ठेवणार आहे. परतीचं मनाली रद्द. आल्या रस्त्यानेच परत येणार, अण्णांना घाट दोनदा मिळेल म्हणून तेच जास्त खूश आहेत. जेटला हात लावलेला नाही. फोतूलाच्या वर जायचंच नसेल तर स्वच्छ एअर फिल्टर आणि जादा प्लग पुरे, हे तुम्हा तिघांचं म्हणणं मेस्त्रींनाही पटलं. दोघांचे प्रीपेड नंबर पोस्टपेड करून घेतले. बाहेरचं प्रीपेड तिकडे चालत नाही हे कुणी सांगितलं नसतं तर आई इकडे जिवाला घोर लावून बसली असती.

एक शेवटचं विचारते. तात्यांच्या एका पत्रात गुमरीचा उल्लेख आहे. झोजीला चढून गेल्यावर कॉन्व्हॉय तिथे थांबायचा आणि ते ट्रकच्या बॉनेटवर हातमोजे वाळत घालायचे, असं लिहिलंय. तिथे आपल्यासारख्यांना दहा मिनिटं गाडी बाजूला लावून थांबू देतात का? अण्णांनी मला विचारायला सांगितलेलं नाही. पण ते पत्र त्यांनी पिशवीतून वेगळं काढून जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवलंय.